भिंतीपलीकडचा कोळसा

श्रोतेहो, नमस्कार. सावनेर भागातल्या आदासा खाणीच्या नावातच 'यूजी टू ओसी' आहे. म्हणजे आधी अंडरग्राउंड, जमिनीखालची खाण, मग ओपनकास्ट, वरून उघडा खड्डा. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, पट्ट्यात असे बदल बरेच झाले. आज बोलायचं आहे ते उलट्या वाटेबद्दल, म्हणजे ओपनकास्टमधून अंडरग्राउंडकडे जाण्याबद्दल.

कोळशाचा थर तिरका खाली उतरतो. जसजसं पुढं जावं, तसतशी टनामागे काढायची ओबी, म्हणजे वरची माती अन् दगड, वाढत जाते. कुठं तरी हिशेब बसेनासा होतो, नाही तर समोर गाव किंवा नदी येते. कोळसा मात्र खड्ड्याच्या शेवटच्या उभ्या भिंतीपलीकडे आहेच. मग त्याच भिंतीतून, हायवॉलमधून, सरळ आत शिरता येतं. वरून खोल शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी उभी वाट, पाडायला नको. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडची ब्रॉडमेडो खाण अशीच जुन्या हायवॉलमधून आत गेली.

पण हे खड्डा चालू असतानाच ठरवावं लागतं. शेवटची बेंच, म्हणजे खड्ड्यातली शेवटची पायरी, संपल्यावर फाईल उघडली तर उशीर झालेला असतो. तोवर नेमक्या त्याच भिंतीला ओबी टेकवलेली असते आणि ब्लास्टिंगनं खडकाला तडे गेलेले असतात. बोगद्याच्या तोंडाशी छत धरायचं कशाच्या जोरावर? बाहेर पडायच्या वाटाही निदान दोन हव्यात, तशी कायद्याचीच अट आहे. तेवढी भिंत आधीपासून राखून ठेवायला हवी.

सगळ्यात जास्त भीती पाण्याची. अंडरग्राउंडचं तोंड पुराच्या सर्वोच्च पातळीच्या वर असावं, असा नियम आहे. इथं तर आपण खड्ड्याच्या तळातून शिरायचं म्हणतो! आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाला खाणीत साठलेलं पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. त्यामुळे काठाचे चर, पंप, पाणी आणि कामाची जागा यांमधला जाड अडसर, हे सगळं नकाशावर आधी यायला हवं, कोळशाचं टार्गेट नंतर.

माणसांचंही तसंच. ओव्हरमन, सरदार या खाणीतल्या देखरेख करणाऱ्यांची काही प्रमाणपत्रं ओपनकास्टपुरतीच असतात. डंपर चालवणाऱ्याला उद्या छताला बोल्ट मार म्हणून चालत नाही. हवा, वायू, छताचा आवाज ओळखणं, हे सगळं चालू भूमिगत खाणीतच शिकता येतं. आपल्या भागात अशा खाणी अजून आहेत. माणसं आत्तापासून तिथं पाठवता येतील.