वीजदराच्या सुनावणीत घरगुती ग्राहकाची बाजू कोण मांडणार?

मित्रहो, विजेच्या बिलापासूनच सुरुवात करू. गोव्यात घरगुती दराचे टप्पे शंभर-शंभर युनिटांचे आहेत. पहिली १०० स्वस्त, पुढची १०० जरा महाग, असं ४०० पर्यंत. त्यावर शेवटचा टप्पा. हे टप्पे महिन्याचे. आता चवथीच्या गडबडीत मीटरचं वाचन लांबलं आणि तीसऐवजी ४५ दिवसांनी झालं, तर टप्पेही दीडपट व्हायला हवेत. समजा घरात २७० युनिटं जळली. खरा हिशेब असा : पहिल्या दराने १५०, दुसऱ्या दराने १२०. टप्पे वाढवले नाहीत तर १००, १०० आणि उरलेली ७० तिसऱ्या दराने. वापर तेवढाच, बिल मात्र जास्त. म्हणून बिल आलं की आधी दोन वाचनांमधले दिवस मोजा, युनिटं मग बघा.

चूक सापडली तर वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. वाद चालू असताना जोडणी तुटेल या भीतीने पुष्कळ जण पैसे भरून गप्प बसतात. तसं करायची गरज नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

पण मंचात दुरुस्त होतं ते एका घराचं बिल. तीच चूक अख्ख्या वाड्यात झाली असेल तर बाकीच्यांनी काय करायचं? आणि मुळात दरच जास्त ठरला असेल तर मंच त्याला हात लावू शकत नाही.

दर ठरवतो गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. त्याचं कार्यालय गुरुग्रामला. वीज खातं तिथं दरवाढीची याचिका दाखल करतं, जाहिरात निघते, हरकती मागवल्या जातात, जनसुनावणी होते. कलम ६४ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय. सुनावणीला लोक येतात आणि पोटतिडकीने बोलतात, पण ते बोलतात वारंवार जाणाऱ्या विजेबद्दल. दर ठरतो तो याचिकेतल्या तक्त्यांवर.

एकच तक्ता घेऊ, गळतीचा, म्हणजे विकत घेतलेल्या पण ग्राहकापर्यंत न पोचलेल्या विजेचा. आयोगाने १० टक्के गळती मान्य केली असेल तर ग्राहकाला ९० युनिटं पुरवायला १०० विकत घ्यावी लागतात. प्रत्यक्षात गळती १२ टक्के झाली तर त्याच ९० युनिटांसाठी सव्वादोन युनिटं जास्त, म्हणजे १०२.२७ घ्यावी लागतात. या जादा खरेदीचा खर्च ग्राहकाच्या माथी मारला जातोय का, हे वर्षअखेरच्या ताळेबंदात शोधावं लागतं. नोकरी सांभाळून, शेकडो पानांची याचिका वाचून, मुदतीत हे कोण करणार? मोठे उद्योग सल्लागार नेमतात. घरगुती ग्राहकाकडे तसं कुणी नाही.

कायद्यात सोय आहे. कलम ९४ चं पोटकलम ३ म्हणतं की ग्राहकांचं हित मांडायला आयोग कुणालाही प्राधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात आयोगाने पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांना ते काम दिलं. अमेरिकेत काही राज्यांत ग्राहकांची बाजू मांडायला स्वतंत्र सरकारी कार्यालयच असतं : मेरीलँडचं १९२४ पासून, पेनसिल्व्हेनियाचं १९७६ पासून. दरवाढीच्या प्रकरणात ते रीतसर पक्षकार होतं, कागदपत्रं मागवतं, कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतं, अपिलात जातं.

गोव्यात असं ग्राहक अधिवक्त्याचं पद निर्माण करायचं तर इथली अडचण आधी ओळखावी लागेल. आपल्याकडे वीज देणारी कंपनी नाही, सरकारचं खातंच आहे. ॲडव्होकेट जनरल सरकारची बाजू मांडणार, म्हणून ग्राहक अधिवक्ता त्यांच्या हाताखाली असून चालणार नाही. त्याची मुदत ठरलेली हवी आणि पैसा खात्याच्या मर्जीवर नको. चार लाख जोडण्या धरून महिन्याला एक रुपया घेतला तरी वर्षाला ४८ लाख जमतात. एक वकील, एक हिशेबनीस आणि एक वीज अभियंता एवढ्यात काम करू शकतात. माझ्या मते वकिलापेक्षा हिशेबनीस आधी नेमावा.

अधिकारही स्पष्ट लिहिलेले हवेत. याचिकेमागची मूळ आकडेवारी मागण्याचा, एकाच प्रकारच्या चुकीबद्दल सगळ्या ग्राहकांतर्फे एकत्र तक्रार करण्याचा, आणि आयोगाच्या आदेशाविरुद्ध दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाण्याचा. या अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते. आदेश वाचून समजेपर्यंतच सामान्य माणसाची ती संपते.

स्मार्ट मीटर आले की हे काम वाढेल. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार घरगुती ग्राहकालाही गर्दीच्या, म्हणजे विजेची मागणी जास्त असते त्या तासांत नेहमीच्या किमान १.१ पट दर आणि सौर तासांत, म्हणजे दिवसा ऊन असताना, किमान २० टक्के सूट असं वेळेप्रमाणे बिल यायचं आहे. दिवसभर घर बंद ठेवून संध्याकाळी सातला परतणाऱ्या कुटुंबाला सूट कुठून मिळणार? कोणते तास गर्दीचे धरायचे, हे ठरताना त्या कुटुंबाचा माणूस समोर हवा.

पाण्याचं काय, असाही प्रश्न येईल. पाण्याचे दर सरकार अधिसूचनेने ठरवतं, त्याला आयोग नाही आणि सुनावणीही नाही. त्यामुळे पाण्यासाठी वेगळा कायदा लागेल. विजेसाठी तेवढं थांबायला नको. पुढची दरयाचिका जाहीर झाली की आपली पहिली हरकत हीच नोंदवा : याचिकेचा क्रमांक लिहून, कलम ९४(३) खाली घरगुती ग्राहकांचा प्रतिनिधी आधी नेमावा, आणि त्याला याचिकेचा अभ्यास करायला वेळ देऊन मगच जनसुनावणीची तारीख लावावी.