कमरबंदाचा रंग आणि गुरुबंधूंचा क्रम

मघाशी एका पालकांनी मला विचारले की, कुंग फूमध्ये ब्लॅक बेल्ट मिळायला किती वर्षे लागतात. प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याआधी हे सांगावे लागते की, जुन्या चिनी आखाड्यांत असा बेल्ट नव्हताच. होता तो कमरबंद, म्हणजे सैल विजार जागेवर राहावी आणि कंबरेला आधार मिळावा म्हणून वेढे देऊन बांधलेले लांब साधे कापड, ज्याची टोके एका बाजूला मांडीवर सोडलेली असत. त्याच्या रंगावरून विद्येची इयत्ता कळत नसे.

रंगावरून दर्जा ओळखणे चीनला ठाऊकच नव्हते, असे मात्र नाही. छिंग राजवटीचा पाया घालणाऱ्या नुरहाचीच्या वडिलांचे वंशज पिवळा कमरपट्टा बांधत आणि त्याच कुळाच्या बाजूच्या शाखांतले तांबडा. पण तो मान जन्माबरोबरच येई.

आखाड्यातली उतरंड नात्यांची होती. कँटनी बोलीत गुरूला सिफू म्हणतात, आपल्या आधी आलेल्याला सिहिंग म्हणजे थोरला गुरुबंधू आणि मागून आलेल्याला सिदाई म्हणजे धाकटा. येथे वयापेक्षा प्रवेशाचा क्रम मोठा, त्यामुळे चाळिशीतला नवा शिष्य विशीतल्या पोराला सिहिंग म्हणतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. त्यातही नुसता शिकायला येणारा वेगळा आणि ‘बाय सी’ झालेला वेगळा. या विधीत शिष्य गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे करतो आणि गुरूने तो घेऊन घोट घेतला की नाते जुळते. आपल्या गायकीतले गंडाबंधन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

रंगांची शिडी जपानच्या वाटेने आली. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे प्रावीण्याची पहिली पायरी, दिला. काळा पट्टा त्यानंतरचा, आणि मधले नाना रंग तर युरोपातल्या ज्युदो वर्गांत रूढ झाले. पाश्चात्त्य शहरांत कराटे-ज्युदोचे पट्टे परिचित झाल्यावर तेथील कुंग फू शिक्षकांनीही रंगीत कमरबंद स्वीकारले. त्यात व्यापार होता, तसा नाइलाजही होता, असे मला वाटते; कारण आठवड्यातून दोनदा येणाऱ्या अनोळखी मुलांच्या घोळक्यात कोण कोणाचा थोरला, हे मनात ठेवून वर्ग चालवणे अवघडच.

खुद्द चीनने १९९८ मध्ये वुशूसाठी, म्हणजे चिनी युद्धकलांसाठी, नऊ ‘दुआन’ची अधिकृत श्रेणी लागू केली. पहिल्या तीन पायऱ्यांना गरुड, पुढच्या तिन्हींना वाघ, शेवटच्या तिन्हींना ड्रॅगन. पण ही चिन्हे बिल्ल्यावरची आहेत, कमरेची नव्हेत. (‘दुआन’ आणि ‘दान’ यांचे लेखी चिन्ह एकच आहे, हे जाता जाता सांगतो.) कमरबंदाचे रंग मात्र आजही ज्या त्या शाळेचे: कुठे काळा सर्वांत वरचा, कुठे त्याच्याही वर तांबडा किंवा सोनेरी. म्हणून त्या पालकांना मी म्हटले, वर्षे मागाहून विचारा. आधी त्या शाळेत काळ्याचा अर्थ काय आहे, ते विचारा.