किनारा दिसत असताना

(डब्लिनमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण आज शहरातून डार्टने, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या लोकल गाडीने, आला असाल. ब्लॅकरॉक सोडलं की डाव्या हाताला समुद्र इतका जवळ येतो की भरतीच्या वेळी गाडी पाण्यावरूनच चालली आहे असं वाटतं. पुढचं स्टेशन सीपॉइंट. तिथे मार्टेलो बुरूज, म्हणजे किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेला गोल दगडी बुरूज आहे, उन्हाळ्यात लोक पोहायला येतात, पोरं दगडांवर बसून आइस्क्रीम खातात. त्याच बुरुजाजवळच्या खडकांवर १९ नोव्हेंबर १८०७ च्या रात्री ‘रोचडेल’ नावाचं जहाज फुटलं. त्यावरचं एकही माणूस वाचलं नाही.

जहाज किनाऱ्याच्या किती जवळ होतं? इथले लोक अजून सांगतात की बारा फुटांची फळी टाकली असती तर माणसं चालत उतरली असती. पण काळोख होता, पुढचा हात दिसू नये असा बर्फ पडत होता. आयर्लंडच्या समुद्राबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. आपल्याला वाटतं, जहाजं बुडतात ती भर समुद्रात. इथली कितीतरी माणसं किनाऱ्यावरचे दिवे ओळखता येतील इतक्या अंतरावर मेली.

याचं कारण या उपसागराच्या आकारात आहे. डब्लिनचा उपसागर पूर्वेकडे उघडा आहे. उत्तरेला होथचा डोंगर, दक्षिणेला डॉकी, आणि मध्ये ओंजळीसारखं उथळ पाणी. लिफी नदीच्या मुखाशी वाळूचा बांध साचलेला, त्यामुळे मोठ्या जहाजांना भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागे. आता अशा वेळी पूर्वेचा वारा सुटला तर? शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. त्याला नागमोडी जावं लागतं आणि त्यासाठी मोकळं पाणी लागतं. इथे ते नाही. वारा मागे रेटतो आणि मागे वाळू नाहीतर खडक. मग एकच उपाय उरतो: नांगर टाकायचा आणि दोर टिकेल अशी आशा करायची.

‘रोचडेल’चे दोर टिकले नाहीत. नेपोलियनशी लढायला भरती केलेले आयरिश सैनिक घेऊन ते निघालं होतं, काहींबरोबर बायकामुलंही होती. किनाऱ्यावरच्या लोकांना जहाजावरचे संकटाचे दिवे दिसत होते, बंदुकांचे बार ऐकू येत होते. त्याच रात्री ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही टपालबोट ब्लॅकरॉकजवळ खडकावर चढली. तिचा कप्तान आणि खलाशी एकुलत्या एका होडीतून निसटले. होडीतला एक जण पाण्यात पडला तेव्हा कळलं की पाय टेकतायत, चालत किनारा गाठता येईल. मागे राहिलेले सैनिक मात्र तिथेच मेले. कप्तानावर खुनाचा आरोप झाला, शिक्षा झाली नाही. दोन्ही जहाजांवरचे मिळून सुमारे ४०० जीव गेले.

आपण रविवारी डन लिअरी बंदराच्या ज्या धक्क्यावर फिरायला जातो, तो या रात्रीतून उभा राहिला. रिचर्ड टाउचर नावाचा मूळचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी डब्लिनमध्ये स्थायिक झाला होता. वादळात सापडलेल्या जहाजांना शिरायला जागा हवी, एवढं एकच मागणं घेऊन तो वर्षानुवर्षं खेटे घालत राहिला. त्याला व्यापाराची गोदी नको होती, निव्वळ आसऱ्याचं बंदर हवं होतं. ३१ मे १८१७ ला पहिला दगड बसला. डॉकीच्या खाणीतला ग्रॅनाइट उतारावरच्या रुळांवरून खाली यायचा. भरलेल्या गाड्या उतरताना साखळीने रिकाम्या गाड्यांना वर खेचायच्या. त्या रुळांची वाट अजून आहे, तिला ‘द मेटल्स’ म्हणतात. आज तिथे लोक कुत्री फिरवायला नेतात. एकदा सवडीने चालून बघा, उतार पायांना जाणवतो.

पण भिंत बांधली की तिला बाहेरची बाजूही येते. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात ‘नेपच्यून’ नावाचं जहाज पूर्व धक्क्याच्या मागच्या अंगाला, समुद्राकडच्या दगडांवर आदळलं. आत, शांत पाण्यात ‘एजॅक्स’ ही युद्धनौका उभी होती. तिचे कप्तान जॉन मॅकनील बॉइड आपली माणसं घेऊन धक्क्यावरून त्या दगडांवर उतरले. एक लाट आली आणि त्यांना आणि पाच खलाशांना घेऊन गेली. धक्क्यावरचा दगडी स्तंभ त्यांचा. आपण त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

‘लेन्स्टर’बद्दल आज थोडक्यातच बोलतो, कारण तो एका संध्याकाळचा विषय आहे. १० ऑक्टोबर १९१८ ला ही टपालबोट याच बंदरातून वेल्समधल्या होलीहेडकडे निघाली आणि किशच्या दीपनौकेपलीकडे (दीपगृहासारखा दिवा घेऊन नांगरलेलं जहाज) जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. ५०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर पत्रं निवडणारे २२ टपाल कर्मचारी होते, त्यांतला एकच परत आला. युद्ध संपायला महिना उरला होता. मेलेल्यांत बहुतेक ब्रिटिश गणवेशातले सैनिक होते. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्यासाठी उघडपणे रडणं अवघड होऊन बसलं. मला हे दुसरं बुडणं वाटतं. बोटीचा नांगर आता बंदराजवळ मांडून ठेवला आहे.

शेवटी मला थोडं मागे, १८९५ च्या नाताळात जायचं आहे. २४ डिसेंबरला ‘पाल्म’ हे फिनलंडचं शिडाचं जहाज वादळात या उपसागरात अडकलं. त्यावर कप्तानाची बायको आणि लहान मूलही होतं. बंदरातून लाइफबोट निघाली. तेव्हा या बोटी शिडावर आणि वल्ह्यांवर चालायच्या. बोटीत १५ जण होते, सगळे इथल्याच घरांतले. ‘पाल्म’ नजरेच्या टप्प्यात असताना ती उलटली. ‘पाल्म’वरच्या खलाशांनी हे पाहिलं आणि त्यांना वाचवायला आपली होडी सोडली, ती जहाजाशेजारीच फुटली. दुसरी लाइफबोट गेली, तीही उलटली, पण तिचे लोक कसेबसे परतले. पहिल्या बोटीतले पंधराही गेले. एकाच गावातल्या कितीतरी घरांत त्या रात्री नाताळ आला नाही.

२६ तारखेला ‘टिअरॅट’ नावाच्या जहाजाने ‘पाल्म’वरच्या सगळ्यांना सुखरूप उतरवलं. कप्तान, त्याची बायको, मूल, खलाशी, सगळे.

दर २४ डिसेंबरला पूर्व धक्क्यावर त्या पंधरा जणांसाठी लोक जमतात. आताची लाइफबोट बाहेर जाते आणि पाण्यावर फुलांची चक्रं सोडते. गेल्या वर्षी मी गेलो होतो. भाषण फारसं नव्हतं, गर्दीही नव्हती. वारा पूर्वेचा होता आणि भिंतीवरून तुषार उडून चष्म्यावर येत होते. माझ्या शेजारी एक आजोबा टोपी छातीशी धरून उभे होते. बोट आत वळून पुरती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ती डोक्यावर घातली नाही.