किर्शनरचे बर्लिन

समोर दिसतो आहे तो बर्लिनमधला पॉट्सडामर प्लाट्झ हा चौक. जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनरने १९१४ मध्ये रंगवलेला हा कॅनव्हास २०० सेंटिमीटर उंच आहे. हिरव्या रस्त्यातल्या गोल वाहतूक बेटावर दोन स्त्रिया उभ्या आहेत. एकीच्या चेहऱ्यावर विधवेची काळी जाळी आहे; त्या दिवसांत वेश्याही ती घालून गिऱ्हाइकांची वाट पाहत. मागचे काळ्या कपड्यांतले पुरुष कात्रीची पाती उघडावीत तसे पाय फाकून चालले आहेत.

ड्रेस्डेनमध्ये १९०५ साली वास्तुकलेच्या तीन विद्यार्थिमित्रांसह 'डी ब्रुके' (पूल) हा अभिव्यक्तिवादी, म्हणजे हुबेहूब रूपापेक्षा मनातली भावना मांडणाऱ्या चित्रकारांचा, गट स्थापन करणारा किर्शनर १९११ मध्ये बर्लिनला आला, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी सव्वाआठ लाख वस्तीचे असलेले ते शहर वीस लाखांच्या पुढे गेले होते.

बर्लिनच्या रस्त्यांची त्याची चित्रे भावनेच्या भरात, एका दमात उतरली असे सर्रास सांगितले जाते. किर्शनरच्या खिशातल्या वह्यांची ही पाने पाहिल्यावर ते मान्य करता येत नाही. गर्दीत उभ्या उभ्या त्याने पेन्सिलीने ओढलेल्या या रेघांत चेहरे जवळजवळ नाहीत; टोपीवरचे पीस, खांद्याचा उतार आणि दोन माणसांमधले अंतर मात्र अचूक पकडलेले आहे. रस्त्यावरून आणलेली ही रेघ तो स्टुडिओत पुन्हा पुन्हा तपासत असे: कधी रंगीत खडूने, कधी लाकडात कोरून, आणि मग कॅनव्हासवर. तैलरंगात तो पेट्रोल मिसळून रंग पातळ करी, त्यामुळे चकाकी जाऊन पृष्ठभाग कोरडा, खरखरीत दिसे. आता हे फटकारे जवळून पाहा. पिसाच्या तंतूंसारखे तिरके, एकमेकांना लागून ओढलेले हे फटकारे वस्त्र, काच आणि फरसबंदी यांत भेद करत नाहीत, आणि शहराची धडधड चित्रात येते ती मुख्यतः त्यांच्यामुळेच, असे आम्हाला ठामपणे वाटते.

किर्शनर १९१५ मध्ये सैन्यात गेला आणि मनाने खचून परतला. १९३७ मध्ये नाझी राजवटीने जर्मन संग्रहालयांतून त्याच्या ६३९ कलाकृती काढल्या आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली.

त्या जप्तीत बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहातून गेलेले 'रस्ता, बर्लिन' हे १९१३ चे चित्र न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३९ मध्ये विकत घेतले.