आडवी चौकट: छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा

पडद्यावर दिसणारी ही काँटॅक्ट शीट, म्हणजे फिल्मवरच्या सगळ्या चौकटी एकत्र छापलेला कागद, ५ मार्च १९६० या दिवसाची आहे. आदल्या दिवशी हवानाच्या बंदरात दारूगोळा घेऊन आलेल्या ‘ला कूब्र’ या फ्रेंच जहाजात स्फोट झाला होता आणि मृतांसाठी भरलेल्या शोकसभेत, ‘रेव्होलुसियोन’ या दैनिकाकडून आलेले आल्बेर्तो कोर्दा व्यासपीठासमोर लायका कॅमेरा घेऊन उभे होते. बोलत असलेले फिदेल कास्त्रो, पाहुणे म्हणून आलेले फ्रेंच विचारवंत सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांच्यामागोमाग या पट्टीवर दोनच चौकटींत क्रांतिकारक चे गव्हेरा दिसतात, कारण ते क्षणभरच पुढे येऊन मागे सरले होते. उभ्या चौकटीत त्यांच्या खांद्यामागून कुणाचे तरी डोके वर आले आहे. आडवीत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पामच्या झावळ्या आहेत. कोर्दांनी हीच चौकट निवडली आणि डार्करूममध्ये दोन्ही बाजू छाटून केवळ तो चेहरा ठेवला. संपादकांनी मात्र फिदेल आणि सार्त्र यांचीच छायाचित्रे छापली, आणि चे यांचे छायाचित्र कोर्दांच्या स्टुडिओतील भिंतीवर टांगलेले राहिले.

हवानातील एका रेल्वे कामगाराच्या घरी १९२८ मध्ये जन्मलेल्या आल्बेर्तो दिआस गुतिएरेस यांनी ‘कोर्दा’ हे नाव हंगेरियन चित्रपट दिग्दर्शक बंधूंवरून घेतले होते आणि क्यूबातील क्रांतीपूर्वी त्यांचा जम बसला होता तो फॅशन छायाचित्रणात. जगाने त्यांना चे यांच्या टोपीवरच्या ताऱ्यापुरते ओळखले. आम्हाला मात्र त्यांची ओळख या दुसऱ्या छायाचित्रात अधिक पटते. पीनार देल रिओ प्रांतातील ही लहान मुलगी बाहुली म्हणून लाकडाचा ओंडका छातीशी धरून उभी आहे. आपण क्रांतीच्या बाजूला वळलो ते या मुलीमुळे, असे कोर्दा स्वतः सांगत.

१९६७ मध्ये इटालियन प्रकाशक फेल्त्रिनेल्ली यांना त्यांनी चे यांच्या छायाचित्राच्या प्रती विनामूल्य दिल्या. त्याच वर्षी बोलिव्हियात चे मारले गेले आणि भित्तिपत्रके जगभर पसरली. कोर्दांना त्यातून मानधन मिळाले नाही. २००० मध्ये हे छायाचित्र वापरणाऱ्या व्होडकाच्या जाहिरातीविरुद्ध लढून मिळालेले ५०,००० डॉलर त्यांनी क्यूबातील मुलांच्या औषधांसाठी दिले. २००१ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. हवानातील ज्या कोलोन दफनभूमीत त्यांना पुरले, तिच्याजवळच्याच चौकात ती शोकसभा भरली होती.