करंजाच्या तेलावर शक्तिमान

(दृश्य: परभणी जिल्ह्यातला मळा. पत्र्याच्या शेडमध्ये हिरवा ट्रक.)

ट्रॅक्टरशेजारी उभा आहे तो शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात 1959 पासून हे ट्रक बनू लागले आणि पुढं कित्येक वर्षं लष्कराची रसद त्यांनीच ओढली. हा लिलावातून इथं आला. त्याच्यामुळं मालकांना गाव ‘मिल्ट्रीवाले’ म्हणतं. मिल्ट्रीत ते एक दिवसही नव्हते.

आज त्याला पाजायचंय करंजाचं तेल. कल्पना नवी नाही. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

मग आपल्या मराठवाड्यात करडई का नको? बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. करडईचं तेल हवा लागली की सुकत जातं, चिकट थर धरतं. रंग-रोगणात त्याचा हाच गुण कामाला येतो. भाकरीबरोबर उत्तम, पण इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलचा घात करणार. आणि एवढं महागाचं तेल जाळायचं म्हटल्यावर घरातून जोडा बसेल, तो वेगळाच.

करंज कडू, खायच्या कामाचा नाही. बांधावर, सडकेच्या कडेला शेंगा पडून असतात. घाण्यावर चार किलो बियांना जेमतेम लिटरभर तेल निघतं.

(दृश्य: इंजिनाला इंधन पुरवणारा पंप खोललेला. मेकॅनिक उस्ताद चिंधीनं हात पुसतायत.)

करंजाचं कच्चं तेल डिझेलच्या दहापट जाड. पंपाला ते रेटत नाही, नोझलमधून बारीक फवारा उडत नाही, पिस्टनवर काजळी बसते. काही जण दोन टाक्या लावतात: गाडी डिझेलवर चालू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्यावर तेल तापलं की कॉक फिरवायचा, बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल. उस्तादांना ही भानगड मान्य नाही. “ड्रायव्हर कॉक फिरवायचं विसरला, की सकाळी पंप माझ्याच गळ्यात,” ते म्हणतात.

म्हणून बायोडिझेल, म्हणजे तेलावर प्रक्रिया करून केलेलं पातळ इंधन. तेलात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि थोडा कॉस्टिक सोडा. पण करंजाच्या तेलात आम्ल जास्त; सोडा थेट घातला तर इंधनाऐवजी साबण होतो. आधी गंधकाच्या तेजाबाची एक पायरी करावी लागते. तापमान साठ अंशांच्या आत, कारण पासष्टच्या आसपास मिथेनॉल उकळू लागतं. त्याची वाफ विषारी, आणि पेटलं तर ज्योत भरदिवसा दिसतसुद्धा नाही. चूल, बिडी, पोरंसोरं, सगळं लांब. हे काम स्वयंपाकघरात करणाऱ्याला माझा तरी कोपरापासून नमस्कार.

(दृश्य: काचेची बाटली, अगदी जवळून.)

रात्रभर ठेवलं की दोन थर पडतात. खाली काकवीसारखं काळपट ग्लिसरीन, वर पिवळसर इंधन. ते पाण्यानं धुवायचं, पाणी पूर्ण निवळू द्यायचं, मग गाळायचं.

टाकीत पडल्यावर वेगळाच खेळ. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात. उस्तादांनी ते आधीच बदललेत, आणि फिल्टर सीटखाली जादाचे ठेवलेत.

पैसे वाचतात का? बिया वेचायची मजुरी, घाण्याचं भाडं, मिथेनॉल धरलं तर बचत फारशी हाती लागत नाही. मालक हे लपवत नाहीत. “पंपावरून डिझेल आणायला कोणाला येत नाही?” एवढं बोलून ते सेल्फ मारतात.