रंकाळ्यावरची बदकं आणि त्यांचे शेजारी

नमस्कार श्रोतेहो. सकाळी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला येणारे तुम्ही बरेच जण आज हे ऐकत असाल, म्हणून थेट रंकाळ्याबद्दलच बोलतो. पाण्यात काहीतरी काळं हललं की आपण लगेच म्हणतो, बघ बघ बदक. पोरांनाही तेच दाखवतो. पण खरं सांगू का, त्यातली निम्मी बदकं नसतातच आणि जी असतात ती सगळी एका जातीची नसतात. ही ओळख करून घ्यायला फार काही लागत नाही, पिसांचे रंग पाठ करत बसायची तर अजिबात गरज नाही, सुरुवातीला एकच करा, तो पक्षी खातोय कसा ते बघा. पोटापाण्याची पद्धत कळली की अर्धी ओळख झालीच म्हणून समजा.

पहिलं आपलं हक्काचं बदक, हळदी-कुंकू. ते कुठून लांबून येत नाही, इथलंच आहे, बारा महिने दिसू शकतं. अंग तपकिरी, खवल्याखवल्याचं, आणि चोच काळी, तिच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका. एकदा जवळून बघितलं की परत चुकत नाही. आता ते खातं कसं बघा, डोकं पाण्यात, शेपूट वर आकाशाकडे, आणि पाय नुसते हलत असतात तोल सांभाळायला. ते आख्खं बुडी मारत नाही सहसा, मान पोचेल तेवढ्या खोलीचंच खातं, म्हणून ते नेहमी उथळ कडेला, गवताजवळ दिसतं. आणि उडताना बघा, पाण्यावर धावायची भानगड नाही, जागेवरूनच वर उचललं जातं.

याच्या उलट वारकरी. काळा कुळकुळीत, लाल डोळा, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा, हिवाळ्यात थव्याथव्यानं असतो आणि सगळ्यात जास्त त्यालाच लोक बदक म्हणतात. तो बदकांच्या घरातला नाही, पाणकोंबड्यांच्या घरातला आहे. कधी काठावर चढला तर पाय बघा, बदकासारखा बोटांना जोडणारा पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगवेगळ्या पाकळ्या आहेत चामड्याच्या. तो छोटी बुडी मारतो, तळाचं शेवाळ-पाणवनस्पती तोंडात धरून वर येतो आणि वर आला की शेजारचा दुसरा वारकरी ते हिसकायला टपलेलाच असतो, मग जी पळापळी आणि पाणी उडवणं चालतं ते बघत उभं राहिलात तर फेरीचं राहूनच जाईल. उडायचं असलं की हा पाण्यावरून पाय मारत लांबपर्यंत धावतो, तो छपछप आवाज ऐकूनच कळतं कोण आहे ते.

आता माझ्या सगळ्यात आवडीची टिबुकली. मुठीएवढा जीव, मागून शेपूट नसल्यासारखा दिसणारा, आत्ता होता आणि आत्ता नाही. तुम्ही बोट दाखवून कुणाला सांगेपर्यंत ती बुडलेली असते आणि वर येते ती भलत्याच ठिकाणी. ती पाण्याखाली पोहून छोटे मासे आणि किडे पकडते. तिचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा, काठच्या वनस्पतींना अडकवलेला ओल्या काडीकचऱ्याचा ढीग, आणि अंडी सोडून जायची वेळ आली तर ती घाईघाईनं त्यांच्यावर ओला पाला ओढते आणि मगच पाण्यात शिरते, वरून बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. पिल्लं पट्ट्यापट्ट्यांची असतात आणि आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. हे सगळं आपल्या शहरात, बसस्टॉपपासून चालत जाण्याच्या अंतरावर होऊ शकतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दगडावर नाहीतर वठलेल्या फांदीवर पंख पसरून बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. तो मासे पकडायला खोल जातो आणि त्याची वरची पिसं भिजतात, बदकांसारखी कोरडी राहत नाहीत, त्यामुळं पाण्याखाली राहणं त्याला सोपं जातं, पण मग बाहेर येऊन असं वाळवत बसावं लागतं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते चोचीनं ते तेल सगळ्या अंगाला चोळत असतं, तासन्तास चाललेलं ते साफसूफ करणं म्हणजे त्याचा रेनकोटच आहे.

रंकाळ्यालगतच्या परताळ्याच्या बाजूला, जिथं पाणकणीस आणि गवत आहे, तिकडं जरा जास्त वेळ थांबा. जांभळी पाणकोंबडी तिकडं भेटेल, निळी-जांभळी, लाल चोच, लाल पाय, ती लव्हाळ्याचा कोंब एका पायात धरून उचलते आणि चोचीनं सोलून आतला गर खाते, पायानं धरून खाणारा पक्षी एवढ्या जवळून बघायला मिळणं सोपं नाही. पानांवरून चालणारा लांब बोटांचा कमळपक्षी दिसला तर लक्षात ठेवा, त्यांच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. आणि उघड्या चोचीचा करकोचा, ज्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, तो चिखलातून गोगलगाय शोधतो आणि चोचीचं टोक आत घालून शंखातून मांस अलगद ओढून काढतो.

पाहुण्यांचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उत्तरेकडून बदकं महाराष्ट्रात उतरायला लागतात, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग, आणि मार्चपर्यंत बरीचशी परत निघतात. कुठल्या तळ्यावर कोण उतरेल हे दरवर्षी बदलतं. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद, कडेला बारीक कंगव्यासारखे दाते, पाणी आत घ्यायचं आणि गाळून बाहेर सोडायचं, बऱ्याचदा चार-पाच जण गोल गोल फिरत एकमेकांनी ढवळलेलं खातात. नवीन माणसाचा गोंधळ इथंच होतो की ऑक्टोबरात सगळीच बदकं तपकिरी दिसतात. त्याचं कारण, विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकतात, उडायची पिसंसुद्धा एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही, मग साध्या तपकिरी पिसांत ते इकडं येतात आणि थंडीत हळूहळू रंग चढतो. म्हणून हिरमुसू नका, फेब्रुवारीत परत त्याच थव्याकडं बघा, भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई तेव्हा लांबूनसुद्धा दिसते.

आणि ती पांढरीशुभ्र बदकं जी गावोगावच्या तळ्यांवर माणसांच्या मागं मागं येतात, ती पाळीव, रानटी मॅलार्ड बदकापासून माणसानं वाढवलेली जात, अंगानं एवढी जड की नीट उडता येत नाही. लोक हौसेनं आणतात आणि तळ्यात सोडतात. कृपा करून असं करू नका, त्यांना कुत्र्यांपासून पळता येत नाही.

पावाचंही बोलायलाच हवं. पोरांच्या हातात पाव देऊन बदकांना टाकायला लावणं हे प्रेमापोटी होतं हे मला माहीत आहे, पण पावानं त्यांचं पोट भरतं, पोषण होत नाही, आणि उरलेला पाव पाण्यात कुजतो. आधीच त्या पाण्यात सांडपाणी येतं, त्याच्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पोसलं जातं. केंदाळ काढायलाच पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही, पाणी झाकलं गेलं की टिबुकली-पाणकावळ्यांना बुडी मारायला जागाच राहत नाही. पण केंदाळ काढताना कडेचं पाणकणीस आणि लव्हाळंही सरसकट उपटलं, कडेनं सगळीकडं सिमेंट आणि लाइट आले, तर घरटी कुठं करायची त्यांनी? स्वच्छ दिसणारी कड आणि पक्ष्यांना राहता येणारी कड यात फरक आहे, आणि तळ्याच्या कामाची चर्चा होते तेव्हा हे आपण मोठ्यानं बोललं पाहिजे.

सुरुवात कधी करायची विचाराल तर पक्षी सप्ताह आहेच, ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. आणि दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, भारतात १९८७ पासून चालू आहे, तिच्यात आपल्यासारखी साधी माणसंच मोजायला असतात. त्याची तयारी रंकाळ्यावरच करा. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मिळाली तर उत्तम, नसली तरी काठाजवळचे पक्षी डोळ्यांनी दिसतात. सकाळी ऊन पाठीमागं येईल असं उभं राहा, नाहीतर सगळेच काळे दिसतील. वारकऱ्यांचा मोठा थवा असला तर एकेक मोजू नका, आधी दहा मोजा, त्या दहांनी केवढी जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे मोजत पुढं जा. टिबुकल्यांसाठी मात्र एका जागी पाच मिनिटं थांबा, आणि एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या वर दिसल्या तोच आकडा लिहा.